वळणाचे पाणी

(संस्थेच्या महोत्सवानिमित्त अरेरा कॉलनी, भोपाळ येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्थेचा गौरव करावा अशी रूढी आहे. तो गौरव आमच्या आधीच्या वक्त्यांनी यथायोग्य केला आहे. आम्ही पेशाने शिक्षक; शिक्षकाला कौतुकापेक्षा पुढच्या पाठाची घाई अधिक असते. तेव्हा आपल्या परवानगीने आम्ही आज एका साध्या, घरगुती आणि तरीही अवघड प्रश्नाकडे वळतो. आपण रोज बाजारात काही ना काही घेतो. ती खरेदी हवेला, पाण्याला आणि जमिनीला कमी जाच करणारी व्हावी, हे आपल्यापैकी प्रत्येकाला पटते. पण पटलेले हातून घडत नाही. ते घडावे यासाठी काय करता येईल, हा आमचा आजचा विषय.

पटते आणि घडत नाही, याचा पुरावा शोधायला फार दूर जावे लागत नाही. मध्य प्रदेश सरकारने मे २०१७ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१८ साली तशीच बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या कित्येक प्लास्टिक वस्तू, म्हणजे पेले, ताटल्या, चमचे, नळ्या, साऱ्या देशात निषिद्ध झाल्या. पिशव्यांची जाडी किमान किती असावी याचेही नियम झाले. आणि तरीही बिट्टन मार्केटच्या हाटात एखाद्या संध्याकाळी उभे राहून पाहावे. मेथीची जुडी एका पिशवीत, टोमॅटो दुसरीत, कोथिंबीर तिसरीत. घेणारे अडाणी नसतात. आपल्या वसाहतीत पदवीधर नाही असे घर विरळाच. त्यांतले कितीजण आपल्या मुलाला पर्यावरणावरचा निबंध स्वतः बसून लिहून देतात! मग अडते कोठे?

आमच्या मते ते अडते हातात. घरून निघताना हात रिकामा होता, एवढेच त्याचे कारण. भाजी निवडून झाली, पैसे दिले, मागे गर्दी उभी आहे, आणि विक्रेत्याने न विचारताच पिशवी पुढे केली. त्या क्षणी ज्ञान कामाला येत नाही. जे सोयीचे तेच हातून घडते. आपण मात्र गेली कित्येक वर्षे या माणसाला आणखी ज्ञान देत आहोत. भित्तिपत्रके, घोषणा, प्रभातफेऱ्या, व्याख्याने. आमचेही हे व्याख्यानच, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु या व्याख्यानाचा मुद्दा असा की व्याख्यानाने हे काम होणारे नव्हे.

मनुष्याच्या या स्वभावाचा शास्त्रीय विचार अलीकडच्या काळात पुष्कळ झाला. रिचर्ड थेलर हे अर्थशास्त्रज्ञ आणि कॅस सनस्टीन हे कायदेपंडित, या दोघा अमेरिकनांनी २००८ साली या विषयावर एक ग्रंथ लिहिला, तो जगभर गाजला. २०१७ साली थेलर यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे : माणूस प्रत्येक वेळी हिशेब करून निवड करीत नाही. समोर गोष्टी ज्या रीतीने मांडलेल्या असतात त्या रीतीने तो वाहत जातो. तेव्हा कोणतीही सक्ती न करता, कोणताही पर्याय हिरावून न घेता, केवळ मांडणी बदलली तर माणसाचे वागणे बदलू शकते. त्यांनी या उपायाला ‘नज’ असे नाव दिले. या शब्दाला मराठीत काय म्हणावे? ‘कोपरखळी’ म्हटले तर त्यात टोमणा येतो. ‘धक्का’ म्हटले तर माणूस पडायचा. आम्हांला वाटते, आपल्या आयाबायांचा ‘वळण’ हाच शब्द येथे सर्वांत चपखल आहे. मुलाला वळण लावतात, अक्षराला वळण असते, वाटेलाही वळण असते. आणि वळणाचे पाणी वळणावर जाते, ही म्हण तर आपल्याला पाठच आहे. पाण्याला उपदेश करून ते शेतात शिरत नाही. पाट काढावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात भोपाळचा पारा चाळिशी ओलांडतो आणि आपल्या वसाहतीत घरोघरी वातानुकूलन यंत्रे सुरू होतात. पुष्कळ घरांत ते यंत्र १८ अंशांवर ठेवून वर पांघरूण घेऊन झोपण्याची चाल आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा हिशेब असा की यंत्राचे तापमान १ अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. हे लोकांना सांगून पाहिले, फारसा उपयोग झाला नाही. मग १ जानेवारी २०२० पासून असा नियम झाला की तारे लावलेले खोलीचे प्रत्येक नवे यंत्र कारखान्यातून बाहेर पडतानाच २४ अंशांवर लावलेले असावे. ज्याला २० हवे त्याने बटण दाबून २० करावे, कोणी अडवत नाही. पण बटण दाबायचे श्रम आता वीज उधळणाऱ्याने करायचे आहेत, वाचवणाऱ्याने नाही. पूर्वी नेमके उलटे होते. वळण म्हणतात ते हेच.

आता कोणी म्हणेल, ही सारी परदेशी शास्त्रज्ञांची नवलाई. तसे मुळीच नाही. आपल्या मागच्या पिढ्यांचे घर अशा वळणांनी भरलेले होते. दुपारी दारावर बोहारीण येई. जुनी लुगडी, धोतरे, मुलांचे आखूड झालेले सदरे तिला द्यावेत आणि बदली स्टीलचे पातेले घ्यावे. त्यासाठी तासभर घासाघीस चाले. त्या बाईला किंवा घरच्या मालकिणीला पुनर्वापर हा शब्द ठाऊक नव्हता, परंतु कापडाचा एक तुकडाही उकिरड्यावर जात नसे. जे बोहारणीच्या मोलाचे नसे त्याची गोधडी होई. गोधडी विरली की तिचे पोतेरे होई. रद्दीवाला तराजू घेऊन दारात उभा राही. १९४९ साली मुंबईत आरे दूध वसाहत उभी राहिली आणि तिचे दूध काचेच्या बाटल्यांतून घरोघर जाऊ लागले. दूध केंद्रावर रिकामी बाटली नेऊन द्यावी आणि भरलेली घ्यावी, असा शिरस्ता होता. बाटली परत करण्याची आठवण करून देणारी पाटी तेथे लागत नसे, कारण बाटली नेल्याशिवाय दूधच मिळत नसे. गोटी सोड्याच्या बाटलीचीही तीच गोष्ट. ती दुकानातच उभे राहून प्यायची आणि तेथेच ठेवून यायचे.

आमच्या धर्माचरणातली एक गोष्ट येथे सांगितली तर अप्रस्तुत होणार नाही. नमाजापूर्वी वजू करतात, म्हणजे हातपाय आणि तोंड धुतात. हजरत महंमद पैगंबरांविषयी एक आठवण परंपरेने सांगितली जाते. त्यांचे एक सहकारी सअद हे वजू करताना पाणी जास्त वापरीत होते. पैगंबरांनी विचारले, ही उधळपट्टी कसली? सअदना आश्चर्य वाटले. वजूतही उधळपट्टी असते काय? पैगंबर म्हणाले, होय, तू वाहत्या नदीच्या काठी बसला असलास तरीही. ही आठवण मशिदीत कित्येकदा सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याच्या हृदयाला भिडतेही. पण लोट्याने वजू करणारा माणूस एका लोट्यात काम भागवी, आणि तोच माणूस तोटी उघडली की बादलीभर पाणी सोडून देतो. माणूसही तोच आणि श्रद्धाही तीच; बदलले ते भांडे. लोट्याला तळ दिसतो, तोटीला तळ नाही. म्हणून उपदेशाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, त्या तोटीचा विचार करणे जरूर आहे. तोटीवर पाण्याची धार बारीक करणारी जाळी बसवली तर सअदना केलेला प्रश्न प्रत्येकाला दरवेळी न बोलता विचारला जातो.

या सर्व उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानी येते. आपले पूर्वज आपल्यापेक्षा पुण्यवान होते म्हणून कमी कचरा करीत असे समजण्याचे कारण नाही. वस्तू महाग होत्या, आणि व्यवस्थाच अशी होती की काटकसर आपोआप घडे. व्यवस्था मोडली आणि वागणे मोडले. आता तेच दिवस परत आणू म्हणणे व्यर्थ आहे. घरातील स्त्रियाही नोकरीला जातात, दुपारी दाराला कुलूप असते, बोहारणीशी तासभर घासाघीस करायला कोणालाच सवड नाही. तेव्हा आजच्या धावपळीत बसतील अशी नवी वळणे शोधली पाहिजेत. ती शोधताना उपयोगी पडतील अशी चार सूत्रे आम्ही मांडतो.

पहिले सूत्र : न मागता जे मिळते ते बदलावे. विक्रेत्याने न विचारता पिशवी दिली तर घेणारा घेतो. ‘पिशवी हवी का?’ असे विचारून दिली तर बरेचजण नको म्हणतात. घरपोच जेवण मागवताना प्लास्टिकचे चमचे आपोआप येतात. ते मागितले तरच यावेत असे ठेवले तर पुष्कळांना ते लागतच नाहीत, कारण जेवण घरीच येणार असते आणि चमचे घरात असतात.

दुसरे सूत्र : चांगली गोष्ट हाताशी आणि स्वस्त असावी. केंद्र सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू केली. एलईडी दिवा वीज वाचवतो हे त्यापूर्वीही लोकांना माहीत होते, परंतु एका दिव्याला शेकडो रुपये एकदम कोण देणार? सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली, तेव्हा तिला २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांना पडू लागला. तो दिवा वीजबिल भरण्याच्या ठिकाणीच मिळे, आणि कित्येक ठिकाणी त्याचे पैसे बिलातून हप्त्याहप्त्याने देता येत. या योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. ६० वॅटचा जुना दिवा जाऊन ९ वॅटचा नवा आला. लोकांचे मन वळवायला भाषणे लागली नाहीत. बिल भरायला गेलेला माणूस दिवा घेऊनच घरी आला.

तिसरे सूत्र : लाभापेक्षा तोटा मनाला अधिक झोंबतो. आयर्लंड देशाने मार्च २००२ मध्ये दर प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट कर बसवला आणि पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. रक्कम क्षुल्लक होती, पण ती वेगळी मोजून द्यावी लागे. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या परिसरात याची फार चांगली पारख झाली. स्वतःची पिशवी आणणाऱ्याला काही दुकाने ५ सेंट बक्षीस देत. त्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नसे. पुढे पिशवी घेणाऱ्यावर तेवढाच ५ सेंट कर आला, आणि पिशव्या घेणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. आमच्या वर्गातही हाच अनुभव येतो. वही नीटनेटकी ठेवल्याबद्दल एक गुण जास्त मिळेल म्हटले तर मुले ऐकून घेतात. एक गुण कापला जाईल म्हटले की वह्यांना कव्हरे चढतात.

चौथे सूत्र : शेजारी काय करतो याकडे आपले सदैव लक्ष असते. अमेरिकेतील वीज कंपन्यांनी लाखो घरांना पत्रे पाठवली. तुमच्यासारख्या शेजारच्या घरांनी किती वीज वापरली आणि तुम्ही किती, हे त्यांत छापलेले असे. सुमारे ६ लाख घरांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांत विजेचा वापर सरासरी २ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. परंतु येथे एक खोच आहे. २००७ साली कॅलिफोर्नियातील सुमारे ३०० घरांवर झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की सरासरीचा आकडा कळल्यावर जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण जे मुळात कमी वापरीत होते त्यांनी तो वाढवला! आपण उगीच काटकसर करीत होतो असे त्यांना वाटले असावे. त्यांच्या पत्रावर नुसता एक हसरा चेहरा काढला, तेव्हा त्यांचा वापर वाढला नाही. शिक्षकाला यात नवल वाटणार नाही. वर्गात नुसती सरासरी जाहीर केली तर हुशार मुलगाही सैल पडतो. त्याच्या पाठीवर थाप पडलीच पाहिजे.

आता काही आक्षेपांचा विचार करणे आमचे कर्तव्य आहे, कारण ते वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा की ही एक प्रकारची फसवणूक नव्हे काय? माणसाला न कळत त्याच्याकडून काही करवून घेणे हे त्याला बाहुले समजण्यासारखे आहे. या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते व्यापाऱ्यांनी आधीच सिद्ध केले आहे. पैसे देण्याच्या जागेशेजारी, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर गोळ्या-चॉकलेटे ठेवणारा दुकानदारही वळणच लावीत असतो. तेव्हा वळण लावावे की नाही हा प्रश्नच उरत नाही. मांडणी कोणती तरी असणारच. ती कोणाच्या हिताची असावी एवढेच ठरवायचे आहे. आम्ही त्यासाठी दोन कसोट्या सुचवतो. जे वळण लावले ते सर्वांसमक्ष, फलकावर लिहून, सांगता आले पाहिजे. आणि ज्याला ते नको त्याला विनासायास नाही म्हणता आले पाहिजे. या दोन्ही कसोट्यांना जे उतरत नाही ते आपल्यासारख्या संस्थेने करू नये, मग त्याने कितीही कचरा कमी होवो.

दुसरा आक्षेप असा की या उपायांची शक्ती अगदी तोकडी आहे. हेही खरे. २०२२ साली अमेरिकेतील सरकारी प्रयोगांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्वानांच्या नियतकालिकांत छापून आलेल्या प्रयोगांत सरासरी सुधारणा ८.७ अंकांची दिसत होती, म्हणजे शंभरांतली आठ-नऊ माणसे जास्त वळली. सरकारी खात्यांनी प्रत्यक्षात केलेल्या सर्व प्रयोगांची सरासरी मात्र १.४ निघाली. यशाच्या गोष्टी छापल्या जातात आणि अपयशाच्या कपाटात राहतात, हे त्याचे एक मुख्य कारण. तेव्हा मांडणी बदलली की जग बदलेल असे जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. जेथे विष आहे तेथे कायदाच हवा, आणि तो पाळला गेला पाहिजे.

हे भोपाळकरांना दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला आणि या शहरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. कारखान्यात साठलेला विषारी कचरा तेथेच चाळीस वर्षे पडून होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यातला ३३७ टन कचरा पीथमपूरला नेण्यात आला, तेव्हा तेथल्या लोकांनीही रस्त्यावर येऊन विरोध केला. आमच्या दारात का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. हा अनर्थ कोणा गृहिणीने चुकीची पिशवी निवडल्यामुळे घडला नाही. म्हणून आम्ही आवर्जून सांगतो की ग्राहकाच्या सवयींची चर्चा करताना कारखानदाराची आणि शासनाची जबाबदारी ग्राहकाच्या गळ्यात बांधली जाऊ नये. तुम्ही पेंढी वापरा की नळी, असे मुलांना विचारीत बसायचे आणि नाल्यात काय सोडले जाते याकडे पाठ फिरवायची, हे शिक्षण नव्हे. दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत. जे आपल्या हातात आहे ते आपण केले म्हणजे जे दुसऱ्याच्या हातात आहे ते मागण्याचा आपला अधिकार बळावतो.

तिसरा आक्षेप आम्हांला सर्वांत जास्त जाचतो. वळणाचा खर्च कोणी सोसायचा? सुखवस्तू घरातून कापडी पिशवी घेऊन निघणे सोपे आहे. रोजंदारीवरून परस्पर बाजारात जाणारी बाई सकाळी कामावर निघतानाच पिशवी कशी बाळगील? भाजीवाल्याने पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या गाड्यावर जाते. त्या एका दिवसाच्या नफ्यावर त्याची चूल पेटायची असते. आपण ओला आणि सुका कचरा एकत्र दिला तर तो हातांनी निवडणारे कोण असते, हेही आठवावे. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली आपली संघटना बांधली आणि २००८ साली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी केली. घरोघर जाऊन वेगवेगळा कचरा घेण्याचे काम तेथे याच बाया सन्मानाने करतात. तेथे वेगळा केलेला कचरा म्हणजे त्यांच्या हाताला झालेली जखम टळणे होय. वळण लावताना सर्वांत दुबळ्या हाताला त्याने ओझे होते की दिलासा मिळतो, हे पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये.

सण-उत्सवांचा विषय नाजूक आहे, पण टाळण्यासारखा नाही. आपल्या भोपाळचा मोठा तलाव राजा भोजाच्या नावाने ओळखला जातो. २००२ साली भोज पाणथळीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. या शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा त्यातूनच येतो. मूर्तीही पाण्यात विसर्जित होतात आणि कित्येक गावांत ताजियेही पाण्यात थंड केले जातात. तेव्हा या बाबतीत एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने विसर्जित गणपती दान करण्याची मोहीम चालवली, आणि पुण्यासारख्या शहरांत नदीकाठी हौद ठेवले गेले. त्यातील युक्ती पाहण्यासारखी आहे. विसर्जन करू नका असे म्हणून श्रद्धेशी भांडण काढले तर माणूस हट्टाने नदीत उतरतो. पण घाटाच्या वाटेवरच स्वच्छ पाण्याचा हौद असला, आरतीला जागा असली, निर्माल्यासाठी कलश असला आणि तेथे हात जोडून उभा असलेला एक कार्यकर्ता असला, की बरेचजण तेथेच थांबतात. श्रद्धा शाबूत राहते आणि नदीही वाचते. ज्याला नदीतच जायचे त्याची वाट कार्यकर्ता अडवीत नाही.

१९५६ साली भोपाळ राजधानी झाली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन स्थिरावली. त्यांनी आपल्याबरोबर आणले ते नाटक, गणेशोत्सव, हळदीकुंकू, आणि चारजणांनी एकत्र येऊन एखादी संस्था चालवण्याची खोड. २०१७ आणि २०१८ या दोन्ही वर्षी भोपाळ देशातील स्वच्छ शहरांत दुसरे आले, पहिले इंदूर. भानपूरची जुनी कचराखंती २०१८ साली बंद झाली आणि कचरा आदमपूर छावणीकडे जाऊ लागला. शहर स्वच्छ दिसू लागले हे खरे, पण कचरा नाहीसा झाला नाही, फक्त लांब गेला. तो मुळात कमी व्हायचा असेल तर त्याचा आरंभ महापालिकेच्या गाडीपाशी होत नाही. तो आपल्या पंगतीत आणि आपल्या बाजारहाटीत होतो.

म्हणून आम्ही संस्थेपुढे पाच लहान सूचना ठेवतो. एकीलाही मोठा निधी लागत नाही.

एक : संस्थेच्या कार्यक्रमात पाण्याच्या बंद बाटल्या ठेवू नयेत. पिंप, तांब्या आणि स्टीलची भांडी असावीत, आणि भांडे अर्धेच भरून द्यावे. ज्याला आणखी हवे त्याने मागून घ्यावे. ज्याला प्रकृतीच्या कारणाने बंद बाटली हवी त्याला ती विनाप्रश्न द्यावी.

दोन : पंगतीला स्टीलची ताटे किंवा पळसाच्या पत्रावळी असाव्यात. कागदी पेल्यांच्या आत बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो, तेव्हा केवळ कागद दिसतो म्हणून समाधान मानू नये. ताटे घासणाऱ्या बायांना त्या कामाचे वेगळे पैसे मिळावेत. ते न देता आपण पुण्य घेतले तर ते त्यांच्या घामाचे पुण्य होईल.

तीन : संस्थेतर्फे प्रत्येक सभासदाच्या घरी दोन कापडी पिशव्या जाव्यात, पण त्या कपाटात पडून राहण्यासाठी नव्हेत. त्यांच्याबरोबर दाराच्या आतल्या बाजूला, चपलांच्या वर लावायची एक खुंटी द्यावी. पिशवीपेक्षा खुंटी महत्त्वाची. या पिशव्या गरजू शिवणकाम करणाऱ्या भगिनींकडून जुन्या कापडाच्या शिवून घ्याव्यात, म्हणजे बोहारणीचे काम निराळ्या रूपाने चालू राहील. हाटातील भाजीवाल्यांकडेही अशा काही पिशव्या ठेवाव्यात. ज्याला लागेल त्याने अनामत देऊन न्यावी आणि परत आणून दिली की पैसे घ्यावेत. जुनी दुधाची बाटली आठवावी. रोजंदारीवरून परतणाऱ्या बाईकडून मात्र अनामत घेऊ नये. तेवढा तोटा संस्थेने सोसावा.

चार : सूचनाफलकावर दर महिन्याला एक आकडा लिहावा. मागील कार्यक्रमात किती किलो अन्न ताटांत टाकले गेले, आणि यावेळी किती. कोणाचे नाव नको, कोणाची नालस्ती नको. आकडा कमी झाला तर त्याखाली शाबासकीचे दोन शब्द अवश्य लिहावेत. कॅलिफोर्नियातील तो हसरा चेहरा विसरू नये.

पाच : हे सर्व सहा महिने करून पाहावे आणि मग तपासावे. जे चालले नाही ते निःसंकोच सोडून द्यावे, आणि सोडून दिल्याचेही इतिवृत्तात लिहावे. अपयशाची नोंद ठेवणारी संस्था पुढच्या संस्थेचा मार्ग सोपा करते.

शेवटी एक शब्दाविषयी बोलून आम्ही आपली रजा घेतो. आपण विश्वस्त आहात. उर्दूत ज्याला अमानत म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने आपल्यापाशी भरवशाने ठेवलेली ठेव, ती सांभाळणारा तो विश्वस्त. महात्मा गांधींनी तर श्रीमंताच्या धनालाही हाच नियम लावला होता. संस्थेच्या पेटीतल्या पैशाबाबत आपण इतकी वर्षे जो चोख हिशेब ठेवला, तोच हिशेब या तलावाच्या पाण्याबाबत आणि या जमिनीबाबत ठेवायचा आहे. फरक एवढाच की या ठेवीचे धनी अजून जन्माला यायचे आहेत. ते पावती मागायला येऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीने आज कोणी विचारणारे नाही, म्हणून ते आपणच एकमेकांना विचारावे, आणि विचारण्याचीही वेळ येऊ नये अशी घराची, सभागृहाची आणि बाजाराची मांडणी करावी.

संस्थेला उत्तरोत्तर यश लाभो, आणि पुढील महोत्सवाच्या पंगतीनंतर झाडणाऱ्याच्या टोपलीत फार थोडे पडो, एवढी इच्छा व्यक्त करून आमचे भाषण पुरे करतो.